आवाज कुणाचा?

एकांकिका स्पर्धेत ही आरोळी ठोकली की पुढे कॉलेजचं नाव येतं, हे आपल्याला पाठ आहे. पण जेन हॉरॉक्स या ब्रिटिश अभिनेत्रीबद्दल हाच प्रश्न विचारला, तर उत्तर इतकं सोपं नाही!

जेनचा जन्म १९६४चा, लँकेशायरमधल्या रॉटनस्टॉलचा. अभिनय शिकली लंडनच्या 'राडा'त. (हो, संस्थेचं नाव खरंच तसं आहे, हसू नका!) जिम कार्टराइटच्या 'रोड' या नाटकाच्या वेळी ती गळा तापवायला मोठमोठ्या गायिकांच्या नकला करायची. कार्टराइटने त्या ऐकल्या आणि तिच्यासाठी अख्खं नाटकच लिहिलं. १९९२ साली ते लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये आलं आणि १९९८ मध्ये त्यावर 'लिटल व्हॉइस' हा सिनेमा निघाला.

त्यातली मुलगी भयंकर बुजरी. वडील गेलेले, आईच्या तोंडाचा पट्टा सतत चालू. ही आपली खोलीत बसून वडिलांच्या रेकॉर्ड ऐकते. बोलताना शब्द फुटत नाही, पण गायला लागली की थेट जूडी गार्लंड, शर्ली बॅसी, मेरिलिन मन्रो! एक एजंट तिला क्लबच्या स्टेजवर उभी करतो. एक रात्र ती पब्लिकला वेड लावते, दुसऱ्या रात्री मात्र साफ नकार. सगळी गाणी जेनने स्वतः गायली आहेत. त्यासाठी तिला गोल्डन ग्लोब आणि बाफ्टाची नामांकनंही मिळाली.

हीच बाई 'ॲब्सोल्युटली फॅब्युलस'मधली बावळट सेक्रेटरी बबल, आणि 'चिकन रन'मधली (२०००) सुया घेऊन विणत बसणारी कोंबडी बॅब्सही. २०२३च्या दुसऱ्या भागातही बॅब्सचा आवाज तिचाच.

हे सगळं मला का भिडलं? मी कॉन्व्हेंटवाली. आजीशी बोलते ती मराठी वेगळी, सिस्टरांसमोरचं इंग्लिश वेगळं, मेसमधली खिचडी तिसरीच. रूममेट म्हणते, "तुझ्या 'हॅलो'वरूनच कळतं, फोन कुणाचा आहे!" त्यात आता प्लेसमेंटचे क्लास. तिथे उच्चार असे घासूनपुसून घेतात, की बोलणारी सांगलीची की सिमल्याची, पत्ता लागू नये. मग वाटतं, यात माझा आवाज कुठला?

सिनेमातली मुलगी शेवटी आईसमोर उभी राहून स्वतःच्या आवाजात बोलते. आणि खुद्द जेन? इतके गळे फिरवले, तरी बोलण्यातला लँकेशायरचा हेल तिने सोडलेला नाही. म्हणजे दुसऱ्याचा आवाज काढल्याने आपला जात नाही. उलट, त्या मुलीला नकला जमल्या, कारण वडिलांच्या रेकॉर्ड तिने जीव लावून ऐकल्या होत्या. माझे तिन्ही आवाजही असेच कुणाकुणाचं ऐकून आलेत. ते माझेच.

तेव्हा इंटरव्ह्यूला लागेल तसं इंग्लिश मी बोलेन. नोकरी मिळाली की पहिला फोन आजीला, आणि तो मात्र तिच्याच मराठीत!