सतरंजी १, जीर्ण

मंडळाच्या डेडस्टॉक रजिस्टरात तिची नोंद एका ओळीची आहे : ‘सतरंजी १, जीर्ण’. वरच्या ओळीत टेबलफॅन, खालच्या ओळीत घमेली दोन.

जुन्नरातलं आमचं इतिहास मंडळ छोटं आहे. शाळेनं वापरायला दिलेली एक खोली, एक लोखंडी कपाट आणि ही. अंगानं जाडजूड, बावीस फूट लांब. नाव सतरंजी, पण रंग दोनच. निळा अजून निळा आहे. तांबडा विटून विटेसारखा झालाय. घडी घातली की उचलायला दोघं लागतात, पावसाळ्यात तिघं. तिचा एक कोपरा कायम वर वळलेला असतो. पायानं दाबा, वर खुर्ची ठेवा, खुर्ची उचलली की तो पुन्हा वर. त्याला अडखळतं कोण, तर बहुतेक वेळा प्रमुख पाहुणेच.

तिचं वर्ष फेब्रुवारीत सुरू होतं. १९ तारखेला शिवजयंती, शिवनेरीवर माणसांचा पूर असतो, तिथं तिला कोण विचारतो! आदल्या संध्याकाळी गावातल्या व्याख्यानाला मात्र ती लागते. पुढं फाल्गुन वद्य तृतीयेला तिथीवाल्यांकडे पुन्हा जाते. तारीख की तिथी, या वादात मंडळ पडत नाही. सतरंजी दोन्हीकडे अंथरली जाते. १८ एप्रिलला वारसा दिनाची लेणी-फेरी. मेमध्ये, पुरातत्त्व खात्याची परवानगी वेळेत आली तर, किल्ल्यावरच्या टाक्यांतला गाळ काढायचा. त्या दिवशी ती टेम्पोतून पायथ्याशी येते आणि झाडाखाली पडून राहते. दुपारी चिखलाच्या हातांची माणसं तिच्यावर बसून पिठलं-भाकरी खातात. मधोमध तेलाचा एक डाग आहे, त्याचा आकार आम्हाला चावंड किल्ल्यासारखा दिसतो. एकदा पाहुण्यांना चावंडची वाट त्या डागावरच समजावून दिली होती.

पावसाळ्यात नाणेघाट. कोकणातून वर चढलेलं धुकं गुहेच्या तोंडाशी येऊन थांबतं. आत नागनिकेचा ब्राह्मी लेख. तो मुळात दानाची यादीच आहे : यज्ञ केले, गाई दिल्या, घोडे दिले, हत्ती दिले, इतके कार्षापण दिले. मधली अक्षरं झडलीत. आमचे अण्णा तिथं उभे राहिले की तासभर हलत नाहीत. एका झडलेल्या अक्षरावरून त्यांनी एका प्राध्यापकांशी दोन वर्षं पत्रव्यवहार केला होता. त्या सहलीत सतरंजी नेऊ नये, असं दर वर्षी ठरतं आणि दर वर्षी ती नेली जाते. परत आल्यावर तीन दिवस गच्चीच्या कठड्यावर वाळत पडते आणि पुढचे पंधरा दिवस खोलीला ओल्या कुत्र्याचा वास येतो.

गणपतीत शेजारचं मंडळ तिला उसनी नेतं. परत येते ती गुलालानं माखून. दिवाळीत मुलांच्या किल्ल्यांची स्पर्धा, तिचं बक्षीसवाटप हिच्यावरच. नोव्हेंबरात, १९ ते २५, वारसा सप्ताह. पूर्वी स्लाइड्स दाखवायचो तेव्हा तिला खिडक्यांवर खिळ्यांनी टांगून अंधार करत असू. वरच्या कडेची भोकं तेव्हाची. लेण्याद्रीचं चैत्यगृह गावातल्या निम्म्या लोकांनी पहिल्यांदा नीट पाहिलं, ते तिच्या कृपेनं झालेल्या अंधारात.

राजकारणात ‘सतरंज्या उचलणारा’ हा शब्द जरा कीव करूनच वापरतात. आमच्याकडे मात्र व्याख्यान संपल्यावर चपला शोधायला जातो तो श्रोता आणि कोपरा धरायला वाकतो तो सभासद. वर्गणीची पावती नंतर फाडली तरी चालते.

११ जुलै २०२५ला पॅरिसहून बातमी आली : मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत, त्यात आपला शिवनेरी. पेढे वाटले, फटाके वाजले. आठवड्यानं मोठा कार्यक्रम झाला. मांडववाल्याकडून लाल मखमली खोळींच्या खुर्च्या आल्या. सतरंजी कपाटातच राहिली. एवढ्या वर्षांत तिनं चुकवलेला कार्यक्रम हा एकच असावा, आणि नेमका हाच. खुर्च्यांचं बिल पाहून खजिनदारांनी पाणी मागितलं, ते वेगळं.

पुढचा कार्यक्रम साधाच होता. विषय जुन्नरच्या लेण्यांतले दाते. अण्णाच बोलत होते. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीनं सात खोल्यांचं लेणं आणि पोढी, म्हणजे पाण्याचं टाकं, दिली. राजा नहपानाचा अमात्य अयम यानं मानमोडीच्या डोंगरावर पोढी आणि मंडप दिला, वर्ष ४६. इरिल नावाच्या यवनानं दोन पोढ्या, चिट नावाच्या यवनानं भोजनमंडप. प्रत्येक लेखात तो एक शब्द येतोच, ‘देयधम’. धर्मासाठी दिलेलं दान.

टाळ्या झाल्या, माणसं उठली. आम्ही चौघं चार कोपऱ्यांना. चौथा कोपरा नववीतल्या एका मुलीकडे होता. झटकताच शेंगांची टरफलं, एक हेअरपिन आणि पन्नास पैशांचं नाणं पडलं. ती घडी घालायला वाकली आणि तशीच थांबली.

“अण्णा, इथंपण काहीतरी लिहिलंय.”

काठाला विणलेली अक्षरं होती. आम्हाला ती माहीत नव्हती असं नाही. पायाखाली असायची, एवढंच. अण्णांनी चष्मा कपाळावर सारला, जवळ आले आणि मोबाइलचा टॉर्च सतरंजीवर सरळ न मारता बाजूनं, अगदी जमिनीलगत धरला. शिलालेख वाचताना धरतात तसा. तिरक्या उजेडात सुतं उठून दिसली : ‘कै.’, मग पायांनी झिजलेली वीतभर जागा, मग ‘बाई’, पुढं खिळ्यानं फाटलेलं, आणि ‘यांचे स्मरणार्थ १९८४’.

“कोण होत्या?” मुलीनं विचारलं.

अण्णा काही बोलले नाहीत. खजिनदार म्हणाले, १९८४ची पावतीपुस्तकं वाळवीनं गेली. मी म्हटलं, ‘बाई’च्या आधी ‘रा’ दिसतोय, सीताराबाई कुणी नसतं, तेव्हा ताराबाई किंवा हिराबाई. अण्णा म्हणाले, ‘रा’ नाही, तो ‘स’ आहे, उजवा दांडा बघ. मग ते गुडघ्यावर बसले. मोडी सरस वाचणारे दुसरे एक गृहस्थ चपला घालून निघाले होते, ते चपला काढून परत आले. शिपाई दारात किल्ल्यांचा जुडगा वाजवत उभा होता.

“ए पोरी,” अण्णा म्हणाले, “तुझा कोपरा जरा ताणून धर. आणि तो वर वळलेला आहे ना, त्याच्यावर पाय ठेव.”