भातुकलीतलं नेटवर्क

गेल्या साली, वयाच्या ५२व्या वर्षी, माझी नोकरी गेली. लोक विचारतील म्हणून मंडळाच्या गणपतीलाही गेलो नाही. बेसमेंटमध्ये बसून 'सिलियम' शिकू लागलो. कुबरनेटीसच्या क्लस्टरमधले संगणक एकमेकांशी जोडणारी ही ओपन सोर्स प्रणाली.

सरावाला खरे संगणक लागत नाहीत. 'काइंड' नावाचं साधन लॅपटॉपवरच डॉकरच्या डब्यांची भातुकली मांडतं; एकेक डबा म्हणजे एकेक नोड. काइंडचं स्वतःचं नेटवर्क मुद्दाम बंद ठेवायचं आणि सिलियम बसवायचं. आधी पाया पक्का असावा म्हणून मी पाहिलं, तर तिन्ही नोड 'नॉट रेडी'! तीन रात्री चूक शोधली.

सुट्टीला आलेली लेक हसली. "बाबा, बिघडलंय कुठे? नेटवर्क अजून घातलंच नाहीस!"

सिलियम बसवलं आणि थोड्याच वेळात तिन्ही 'रेडी'. नोड धडधाकटच होते, फक्त जोडलेले नव्हते.

यंदा आरतीला आलो. विचारणाऱ्यांना सरळ सांगितलं, "नोकरी शोधतोय." प्रसाद हातात असतानाच दोघांनी माझा बायोडेटा मागून घेतला.