टक्केवारीच्या पुढचं काम

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावर टक्के लिहिलेले असतात. चाळीस किंवा त्याहून जास्त असले की बहुतेक योजनांसाठी अर्ज करता येतो. पण माणूस कोणतं काम करू शकेल, हे त्या आकड्यावरून कधीच कळत नाही. एकाचा पाय अधू आहे. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर बसून तो पूर्ण पाळी काढील. दुसऱ्याला उजवा हात नाही. तो दिवसभर चालेल, फिरेल, पण त्याच काट्यावर काम करायचं तर नोंदीची पद्धत त्याच्यासाठी बदलावी लागेल. दोघांच्या कागदावर टक्के सारखेच असू शकतात. हा फरक ओळखणं, त्याप्रमाणे काम शोधणं आणि मालकाशी बोलून ते जमवून आणणं म्हणजे व्यावसायिक पुनर्वसन. ते करणाऱ्या निदेशकांना, विशेष शिक्षकांना आणि समाजकल्याणच्या कर्मचाऱ्यांना शिकवणं हा माझा व्यवसाय आहे.

या कामाला कायद्यात जागा आहे. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्यानुसार पुनर्वसन व्यावसायिकांचे जे प्रकार ठरले आहेत, त्यांत व्यावसायिक समुपदेशक, रोजगार अधिकारी आणि पुनर्वसन कार्यशाळेचे व्यवस्थापकही येतात. नोंदणी टिकवायची तर त्यांना ठरावीक काळाने नवं शिक्षण घ्यावं लागतं. भारताने २००७ मध्ये मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारातलं २६ वं कलम पुनर्वसन कर्मचाऱ्यांच्या सुरुवातीच्या आणि सततच्या, अशा दोन्ही प्रशिक्षणाबद्दल बोलतं. अमेरिकेत तर प्रत्येक राज्याच्या पुनर्वसन यंत्रणेला कर्मचारी कसे घडवणार याची आखणी सादर करावी लागते. आपल्याकडची अडचण वेगळी आहे. पाथर्डी किंवा अकोले तालुक्यात दिव्यांग तरुणाच्या घरी पहिल्यांदा पोचते ती आशा, अंगणवाडी सेविका किंवा ग्रामसेवक. परिषदेच्या नोंदवहीशी त्यांचा काही संबंध नसतो. त्यांना प्रशिक्षण मिळतं ते योजनांचं: अर्ज कुठे करायचा, कोणते दाखले जोडायचे, ग्रामपंचायतीचा पाच टक्के निधी कसा खर्च करायचा. ही माहिती हवीच. पण ‘या मुलीला काय काम जमेल?’ या प्रश्नाशी ती येऊन थांबते.

केंद्र सरकारच्या श्रम खात्याने या प्रश्नासाठी १९६८ मध्ये मुंबई आणि हैदराबादला व्यावसायिक पुनर्वसन केंद्रं सुरू केली. मुंबईचं केंद्र शीव भागात आहे. तिथे माणसाला प्रत्यक्ष यंत्रांवर आणि हत्यारांवर काम करायला देऊन त्याची शिल्लक क्षमता पाहतात. ही पद्धत मला आजही सगळ्यांत प्रामाणिक वाटते. मात्र आमचा अहिल्यानगर क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा, तालुके चौदा. अकोले तालुक्यातल्या डोंगरातल्या वाडीवरून नुसतं जिल्ह्याच्या ठिकाणी, नगरला यायचं तरी शंभर किलोमीटरहून अधिक प्रवास. प्रत्येकाला मुंबईला पाठवणं अशक्य आहे. तेव्हा क्षमता ओळखणारी ती नजर इथल्या कर्मचाऱ्यांत यायला हवी.

ती यावी कशी, याचं उत्तर शोधायला मी फार लांब जात नाही. नगरपासून सुमारे ७५ किलोमीटरवर जामखेड आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला आणि गावोगावच्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. त्यांतल्या अनेकींना अक्षरओळख नव्हती, अनेकजणी दलित वस्त्यांतल्या होत्या. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, जगभरचे लोक जामखेड पाहायला आले. या प्रकल्पाचं कौतुक करताना बालमृत्यू किती घटले हे सगळे सांगतात. मला मात्र त्यातली शिकण्याची पद्धत जास्त मोलाची वाटते. या बायका एकदा प्रशिक्षण घेऊन गावी गेल्या आणि संपलं, असं झालं नाही. त्या दर आठवड्याला जामखेडला परत येत. गावात काय घडलं, कोणाला काय झालं, कोणी ऐकलं नाही, हे एकमेकींना सांगत. त्यातूनच पुढचा धडा निघे. शिकवणाऱ्या डॉक्टरलाही त्यामुळे गाव कळत राहिलं.

त्याच प्रकल्पात जयपूर फूट बनवण्याची कार्यशाळाही उभी राहिली. हा पाय घालून मांडी घालून बसता येतं, उकिडवं बसता येतं, अनवाणी शेतात चालता येतं. म्हणजे तो बनवणाऱ्यांनी आधी आपल्याकडचा माणूस कसा बसतो आणि कसा राबतो हे पाहिलं होतं. पुनर्वसनाच्या कर्मचाऱ्याला मी सगळ्यात आधी हेच करायला सांगते.

त्याला आम्ही कामाचं विश्लेषण म्हणतो. पाळी सुरू होण्याआधी कामाच्या जागी जाऊन उभं राहायचं आणि पाहायचं. घोडेगावच्या कांदा बाजारात प्रतवारी करणारी बाई कांदा डोळ्यांनी पारखते की बोटांनी? गोणी किती उंच उचलावी लागते, की दुसरा कोणी उचलतो? दूध संकलन केंद्रावर फॅट मोजणारं यंत्र आकडा फक्त दाखवतं, की ते तो बोलूनही सांगू शकेल? यंत्र बोललं, तर तिथे अंध माणूस बसू शकतो. सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत कर्णबधिर तरुणाला लावायचं, तर मागून येणारी गाडी त्याला कशी कळणार? भिंतीवर आरसा किंवा फिरता दिवा लावून भागेल का? सुपरवायझरला खुणांची भाषा कोण शिकवणार? स्वच्छतागृह किती पायऱ्यांवर आहे? दुसरी पाळी सुटल्यावर गावची एसटी असते का? यातल्या शेवटच्या प्रश्नावर कितीतरी नोकऱ्या सुटतात, आणि तो कोणत्याही फॉर्मवर नसतो.

व्याख्यान ऐकून हे येत नाही. एसी सभागृहात पडद्यावर सरकणाऱ्या पाट्या, दुपारचं जेवण, शेवटी प्रमाणपत्र आणि गटाचा फोटो, अशी प्रशिक्षणं मी खूप पाहिली आहेत. तिथून परतलेल्या माणसाला सोमवारी सकाळी आपल्या गावात काय वेगळं करायचं, हे सांगता येत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. कारण ही माणसं शिकायला उत्सुक असतात.

शिवाय विषयच बदलला आहे. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात एकवीस झाले. थॅलेसेमिया असलेल्या तरुणीला दर काही आठवड्यांनी रक्त घ्यावं लागतं. तिच्या मालकाशी आधी बोलायचं ते या सुट्ट्यांबद्दल. सिकलसेलच्या रुग्णाला उन्हातली, पाणी न मिळणारी जागा त्रास देते. हिमोफिलियात कापण्या-चिरण्याचं काम टाळायचं. स्वमग्न मुलाला रोज तेच काम त्याच क्रमाने असेल तर कदाचित बरं वाटेल, पण पंचिंग मशीनचा आवाज असह्य होऊ शकतो. जुन्या अभ्यासक्रमातून बाहेर पडलेल्या निदेशकाने हे कुठे ऐकावं?

प्रौढ दिव्यांगांच्या कर्मशाळांबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण दिवाळी जवळ आली की सगळ्यांना त्यांची आठवण होते. रंगवलेल्या पणत्या, मेणबत्त्या, उटण्याची पाकिटं. लोक आपुलकीने घेतात, तेवढे आठवडे तिथे उत्साह असतो. मग वर्षभर खडू, फायली आणि वेताच्या खुर्च्या. खडूला मागणी कमी झाली, फायली स्वस्तात बाहेर मिळतात. निदेशक त्याच्या हाताला येतं ते शिकवतो. नोकरीत लागल्यापासून त्याला दुसरं काही शिकवलेलं नसतं. दोष त्याच्या माथी मारणं अन्यायाचं आहे. त्याला वर्षातून काही दिवस रोपवाटिकेत, पॅकिंगच्या शेडमध्ये, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात पगारी पाठवलं, तर त्याची कर्मशाळा बदलेल, असं माझं ठाम मत आहे. निदेशकाचं कौशल्य जिथे थांबतं, तिथेच त्याच्या विद्यार्थ्यांचंही थांबतं.

राज्याने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग केला. त्या विभागाकडे मी मागते ते फार खर्चाचं नाही. प्रत्येक तालुक्यात महिन्यातून एक दिवस: कर्मशाळेचे निदेशक, विशेष शिक्षक, दोन-तीन आशा, समाजकल्याणचा एक कर्मचारी, आयटीआयचा एखादा निदेशक आणि नोकरीला लागलेला एक दिव्यांग माणूस, जो शिकवायला बसेल. सकाळी कोणत्यातरी कामाच्या जागी जाऊन विश्लेषण, दुपारी चर्चा. प्रवासभत्ता वेळेवर मिळावा आणि तो दिवस रजेत धरू नये. पहिल्या बैठकीला प्रत्येकाने एकच गोष्ट आणावी: ज्याला आपण काम मिळवून देऊ शकलो नाही, अशा एका माणसाची हकिगत. नाव नको. वय, गाव, त्याला काय जमतं, आपण कुठे-कुठे विचारलं आणि नकार देताना समोरचा नेमकं काय म्हणाला, एवढं लिहून आणलं की सुरुवात करता येते.