मीच नोंदवणार

"भात गंजात असते बाई, वावरात धान असते."

आबाजी धुऱ्यावर उभे होते आणि मी त्यांच्या बांधीत, फोन उन्हाला आडवा धरून. सप्टेंबर २०२१. फोनवरच्या पिकांच्या यादीत 'भात' होतं आणि आबाजी त्यावर बोट ठेवायला तयार नव्हते. बरं, नुसतं धान लिहूनही त्यांचं समाधान होणार नव्हतं. एचएमटी लिहायला पाहिजे. आमच्याच नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडेंनी वेगळं काढून वाढवलेलं हे वाण. मनगटावरच्या घड्याळाचं नाव घेऊन ते कुठच्या कुठे गेलं. आणि तालुक्यातल्याच माणसाने सरकारदरबारी 'भात' म्हणून लिहून द्यायचं?

"त्याले रकानाच नाही जी," मी म्हटलं आणि मीच दाबून टाकलं.

त्या वर्षी १५ ऑगस्टपासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली होती. पीकपेरा इतकी वर्षं तलाठी लिहायचे. आता शेतकऱ्याने स्वतः वावरात जाऊन फोटोसकट नोंदवायचा. कोतवालाने दवंडी दिली तशी म्हाताऱ्यांची झोप उडाली. सातबाऱ्यावर धान चढलं नाही तर आधारभूत खरेदी केंद्रावर विकायचं कसं? गावात बरे फोन होते ते आम्हा पोरापोरींच्या हातात, अकरावीचे वर्ग फोनवर भरत म्हणून घेतलेले. आम्ही पाच जणांनी ठरवलं, शिकवू.

शिकवू कसलं! एका फोनवरून वीस खातेदारांची नोंद होत होती. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसायचं, सातबारा हातात घ्यायचा, आणि पलीकडच्या घरापर्यंत ऐकू जाईल असं ओरडायचं, "आबाजी, ओटीपी सांगा!" तेही तितक्याच मोठ्याने सांगायचे. मग घोळक्याने वावरात. एकट्याने जायची सोय नाही. जंगलाला लागून बांध्या आणि ब्रह्मपुरी वनविभागातले वाघ, त्यामुळे पुढचा टाळ्या वाजवत, मागचा खोकत. फोटो काढला की रेंज शोधत डांबरी रस्त्यावर यायचं. फोनवरचं चक्र फिरत राहिलं की एक आबाजी म्हणायचे, "नागपूरची छोटी गाडी बरी होती, थांबली तरी खाली उतरून पाहता येत होतं." ती गाडीही २०१९च्या नोव्हेंबरात बंद पडलेली, रूळ रुंद करायचे म्हणून.

मुदत वाढत गेली, आमचं गाव उरकलं. तलाठ्यांनी आमचं कौतुक केलं. मीही फुगले होते.

पुढच्या खरिपात तेच आबाजी सकाळी सात वाजता दारात. "चाल बाई, दाबून दे." माझी बारावी, आठ वाजता नागभीडला शिकवणी. त्यांच्या मागे आणखी तिघं. सरकारी घोषणा होती, 'माझी शेती, माझा सातबारा, मीच नोंदवणार माझा पीकपेरा'. त्यातली 'मीच' आमच्या गावात मी होते. त्यात त्या वर्षीच्या नव्या ॲपने शेतकऱ्याने भरलेलं तेच खरं धरायचं ठरवलं होतं, चुकलं तर दुरुस्तीला ४८ तास. म्हणजे मी घाईत काही भलतं दाबलं असतं तर ते आबाजींचं म्हणणं म्हणून सातबाऱ्यावर बसलं असतं, आणि त्यांना पत्ताही लागला नसता.

म्हणून रविवारी फक्त शेजारच्या आजीला घेऊन बसले. एकच ठरवलं, फोनला हात लावायचा नाही. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले, अक्षरशः.

आजीला वाचता येत होतं, चौथीपर्यंतचं. अडलं ते बोटावर. उभा जन्म रोवणा केलेलं, धानाची रोपं चिखलात दाबलेलं बोट. रेशनच्या मशीनवर तिचा अंगठा उठत नाही. ती काचेवर बोट रोवायची आणि तिथेच धरून ठेवायची. चित्रं थरथरायला लागायची, भलतंच काही उघडायचं.

"आजी, दाबू नका."

"दाबलं नाई तर परा तरंगते ना, माय."

मला हसू आलं आणि पुढे काय सांगावं सुचेना. हलकं म्हणजे किती हलकं? तेवढ्यात सुनेच्या मांडीवर पाच महिन्यांचं लेकरू दिसलं. म्हटलं, "त्याले तीट लावता ना, तसं." आजीने बोट लुगड्याला पुसलं, लेकराकडे पाहिलं आणि काचेला तीट लावली. पान उघडलं. ती माझ्याकडे बघायच्या आधी लेकराकडे बघून हसली.

गट नंबर, क्षेत्र, लावणीची तारीख; पाच रविवार गेले. 'भात'पाशी तीही अडली, तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलली, आणि तीट लावून पुढे गेली. ओटीपी आला तेव्हा सवयीने मी म्हटलं, "वाचा." मग जीभ चावली आणि सांगितलं, हे आकडे कोणालाही सांगायचे नाहीत. बँकेचा साहेब म्हणवणाऱ्याला नाही, ओळखीच्यालाही नाही. आजीने आतल्या खोलीकडे तोंड करून आकडे टाकले.

२०२३मध्ये मी नागपूरला वसतिगृहात. नोंदणी सुरू झाल्याचं कळलं तसा फोन केला. आजी म्हणाली, नवा फोन घेतला, त्यात ते ॲप पुन्हा पहिल्यापासून विचारते. मी म्हटलं, "थांबा, मी इथून माझ्या फोनवर करते. तुमच्या फोनवर आकडे येतील, ते तेवढे सांगा."

पलीकडे कोंबड्यांचा आवाज. मग टिंग वाजलं.

"आले का जी?"

"आले."

"सांगा मग."

"नाई सांगत," आजी म्हणाली. "तूच तं म्हणली होती."