पाळीचा माणूस

लालबाग-परळच्या चाळीत वाढलेल्या पोराला घड्याळ नंतर समजायचं, आधी गिरणीचा भोंगा. भोंगा झाला की आई स्टोव्हला पंप मारायची, बाप डबा घेऊन जिना उतरायचा. गाळ्यातल्या झोपेलाही पाळी होती. रात्रपाळीवाला सकाळी परतला की दिवसपाळीवाल्याची वळकटी उचलली जायची आणि त्याच जागेवर याची पसरायची.

पुढे शिक्षण अर्ध्यावर सुटलं की तोच पोरगा बापाच्या ओळखीने बदली कामगार म्हणून लागायचा. लागायचा म्हणजे काय, रोज पाळीच्या आधी जाऊन उभा राहायचा. कायम कामगारांपैकी कुणी आजारी पडलं, कुणी गावी गेलं, तर याला साचा, म्हणजे माग, मिळणार. नाही तर आल्या पावली घरी. अंगात ताकद आहे, हातात कसब आहे, करायची इच्छाही आहे, पण वेळ दुसऱ्याच्या मुठीत. माणसाच्या कर्तृत्वावर व्याख्यानं देणाऱ्यांनी साचेखात्याच्या दारात एक आठवडा काढायला हवा होता.

तरी याच गिरणगावाने वेळ हिसकावूनही घेतली आहे. कामगारनेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून मागणी लावून धरली होती : रविवारची सुट्टी आणि दुपारी अर्धा तास विसावा. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन गिरणी कामगार बायकाही बोलल्या. त्या काळात! १० जूनला मालकांनी रविवार मान्य केला.

१९०८ च्या जुलैत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा कामगारांनी सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या. वर्षाला एक दिवस, असा त्यांचा साधा हिशेब. एरवी ज्या वेळेने त्यांना पळवलं, तीच त्यांनी थांबवून दाखवली.

१८ जानेवारी १९८२ ला मात्र हा हिशेब उलटला. कामगारनेते डॉ. दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. महिना गेला, पावसाळा गेला. कुणी कोकणात, कुणी साताऱ्याकडे शेतीला लागला, बायकोने खानावळीत चार माणसं वाढवली, भांडी गहाण पडली. मालकांना घाई नव्हती. संपात वाट पाहण्याची ऐपत ज्याच्याकडे जास्त, त्याचं पारडं जड, आणि खाली सोन्याच्या भावाची जमीन असलेला गिरणीवाला कितीही थांबू शकत होता. तो संप रीतसर मागे घेतल्याचं कुणी कधी जाहीर केलं नाही. गिरण्याच एकेक करून गेल्या.

चाळिशी उलटलेल्या त्या बदलीवाल्याने मग भाजीची गाडी लावून पाहिली, शेवटी वॉचमनचा गणवेश चढवला. गिरणीत आठ तासांची पाळी होती, इथे बारा तासांची ड्युटी. दुसरा माणूस आला नाही तर चोवीस. रविवार सोसायटीचा, याचा नाही.

आज त्याच्या जागी उत्तर प्रदेशातला नाही तर मराठवाड्यातला तरुण खुर्ची टाकून बसलेला असतो. आपल्या फाटकावरच्या माणसाची ड्युटी किती तासांची आणि आठवड्याची सुट्टी त्याला भरपगारी मिळते का, एवढं सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये विचारा.