बेलापूरचे अंगण आणि उंबऱ्यावरची नजर

सीबीडी बेलापूर स्थानकावरून रिक्षाने पारसिक डोंगराच्या दिशेने निघालात, की उंच इमारती मागे पडतात आणि आर्टिस्ट व्हिलेज लागते. एखाद्या संध्याकाळी नातवंडाचे बोट धरून येथे अवश्य या. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी १९८०च्या दशकात सिडकोसाठी ही वसाहत रचली. साधारण सात घरे आणि त्यांच्या मधोमध आठ मीटर लांबरुंद अंगण. अशी तीन अंगणे मिळून एक मोठा चौक, हा तिचा मूळ आराखडा. आज कित्येक बैठ्या घरांवर मजले चढले आहेत. तरीही मोकळ्या जागेभोवतीचा शेजार येथे ओळखू येतो.

क्षणभर थांबून अंगणात खेळणाऱ्या एखाद्या लहानग्याकडे पाहा. ते मध्येच थबकते, दाराकडे वळून पाहते. आपले माणूस दिसले, की पुन्हा धावते. बाल्यातील स्नेहबंधांचे अभ्यासक जॉन बोल्बी आणि मेरी एन्सवर्थ यांनी नेमके हेच सांगितले: पाठीशी कोणी आहे ही खात्री असेल, तर मूल निर्धास्तपणे जग धुंडाळते. म्हणून सतत मागे धावणेही नको आणि पाठ फिरवणेही नको.

अनेक घरांतील आईवडील मुंबईहून उशिरा परततात. दिवसभर तो उंबरा आपणच सांभाळता. आपल्या मायेने मूल सावरते; पण आईवडिलांची जागा रिकामी राहू नये. ते घरी येताच तक्रारींचा पाढा वाचू नका. मोबाइल बाजूला ठेवून पहिली पंधरा-वीस मिनिटे त्यांना मुलाच्या स्वाधीन करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या मार्गदर्शनानुसार दोन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसाकाठी एका तासाहून अधिक काळ पडद्यासमोर बसू नये. कमी असेल तितके उत्तम.

मूल काही आठवडे गप्पगप्प राहिले, झोप बिघडली, पोट वारंवार दुखू लागले किंवा सुटलेली सवय परतून अंथरूण ओले होऊ लागले, तर त्याला हट्टी म्हणू नका. आईवडिलांना विश्वासात घ्या आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

परतताना नातवंड आपला हात सोडून अंगणात पुढे धावेल. धावू द्या. मात्र ते मागे वळून पाहील, तेव्हा आपली नजर त्याच्यावरच असू द्या.