रोवणीआधीचं मलम

पहिल्या दिवशी टेबलावर मी फक्त वजनकाटा ठेवला होता. सोनाराकडे असतो तसा, ग्रॅमचा दहावा हिस्सा दाखवणारा. समोर सोळा मुलं बसली होती, तेरा ते सतरा वयाची. त्यात बारा मुली आणि चार मुलगे. मोबाईलवर ‘स्पा’चे व्हिडिओ पाहून आलेली ही मुलं गुलाबपाकळ्या आणि रंगीत बाटल्या शोधत होती. मी प्रत्येकाला एकच काम दिलं: डोळ्यांच्या अंदाजाने दहा ग्रॅम मुलतानी माती काढा आणि मग तोला. कुणाची सहा भरली, कुणाची एकोणीस.

आमचं कोंढा पवनी तालुक्यात, धानाच्या मुलखात. इथे मे महिन्यात दुपारी घराबाहेर पाऊल टाकवत नाही आणि शाळांना सुट्टी. याच रिकाम्या दुपारी मी हा वर्ग चालवते: उटणं, लेप, ओठांचं मलम, पाय बुडवायच्या गोळ्या, सगळं घरच्या घरी. स्पा हा शब्द कुठून आला तेही सांगते. बेल्जियममध्ये स्पा नावाचं गाव आहे, तिथल्या खनिज पाण्याच्या झऱ्यांवरून तो जगभर गेला. आणि शाम्पू तर आपल्या चंपीतून गेलेला शब्द. पाटण्याकडच्या दीन महंमद नावाच्या माणसाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये ब्रायटन इथे स्नानगृह काढून चंपीचा धंदा नावारूपाला आणला. हे ऐकलं की मुलं जरा ताठ बसतात.

सुरुवात उटण्याने. ते प्रत्येक घरात दिवाळीला येतं, पण पुडीतून. पुडीच्या आत काय असतं हे कुणालाच सांगता येईना. मग आंबेहळद, वाळा, कपूरकाचरी, नागरमोथा, वाळवलेली संत्र्याची साल असं एकेक हुंगायला दिलं. नागरमोथा म्हणजे बांधीत वैताग देणाऱ्या लव्हाळ्याच्याच कुळातला, असं सांगितल्यावर एका मुलाने दुसऱ्या दिवशी शेतातून लव्हाळ्याच्या गाठी उपटून आणल्या आणि ठेचून सगळ्यांना वास दिला. उटण्याचा नियम मात्र मी कडक ठेवला आहे: भुकटी कोरडीच ठेवायची, पाणी किंवा दूध न्हायच्या वेळी घालायचं. ओला लेप दोन दिवस ठेवला की त्यात जंतू वाढतात. बाजारच्या मालात त्यासाठी संरक्षक द्रव्य असतं, आपल्या वाटीत नसतं.

तिसऱ्या दिवशी तो प्रश्न आला. दहावीतल्या एका मुलीने सगळे गेल्यावर हळूच विचारलं, “मॅडम, यानं रंग उजळते का जी?”

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं, तरी उत्तर तयार नव्हतं. तिच्या गालावर दोन तपकिरी डाग होते. व्हिडिओ पाहून तिने लिंबाचा रस चोळला होता आणि तशीच उन्हात गेली होती. लिंबाच्या रसातली काही द्रव्यं उन्हाशी मिळाली की कातडी भाजते. शिवाय तो रस आपल्या कातडीला झेपेल त्याहून कितीतरी आंबट. मी तिला आधी डॉक्टरांकडे पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी ठरलेला धडा बाजूला ठेवून सगळ्यांसमोर रंगावरच बोलले.

अकोल्याच्या एका घरची गोष्ट सांगितली. 2023 साली ती वर्तमानपत्रांत आली होती. गोरं होण्याचं क्रीम वापरून त्या घरातली शिकती मुलगी, तिची आई आणि बहीण अशा तिघींच्या मूत्रपिंडाला इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाली तेव्हा त्या क्रीममध्ये पारा निघाला. पारा कातडीचा रंग बनण्याची क्रिया अडवतो, म्हणून चेहरा काही दिवस उजळ दिसतो, आणि तोच पारा रक्तातून मूत्रपिंडापर्यंत जातो. मग मी फळ्यावर लिहिलं: आपल्या वर्गात रंग उजळवणारी एकही वस्तू होणार नाही. का, ते ज्याने त्याने घरी जाऊन सांगायचं. मुली गप्प होत्या. एक मुलगा म्हणाला, “माह्या बहिनीले पाहाले येतात तवा आधी रंगच पाह्यतात.” त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही पुरतं नाही. पण फळ्यावरची ओळ मी वर्ग संपेपर्यंत पुसू दिली नाही.

या बोलण्यातूनच पायांचा विषय निघाला. चेहरा सोडा, घरात सर्वांत जास्त कष्ट कुणाच्या कातडीला, असं विचारलं. उत्तर एकच आलं: आईच्या पायाला. उन्हाळ्यात टाचांना भेगा, आणि पाऊस लागला की रोवणीत दिवसभर चिखलात उभं राहायचं. ठरलं, भेगांचं मलम करायचं.

तेल मोहाच्या बियांचं, इकडे टोळीचं तेल म्हणतात ते. थंडीत ते तुपासारखं थिजतं आणि कातडीवर टिकून राहतं. त्यात मधमाशांचं मेण. गंजात पाणी उकळायचं, त्यात स्टीलची वाटी ठेवायची, वाटीत तेल आणि मेण. मेण साधारण 62 ते 64 अंशांना वितळतं, म्हणून थेट आचेची गरजच नाही. माझ्याकडच्या कृतीत 40 ग्रॅम तेलाला 10 ग्रॅम मेण होतं. डब्या भरल्या, थंड केल्या, छान घट्ट झाल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी उघडून पाहिल्या तर टिनाच्या छपराखाली सगळं तुपासारखं पातळ. कृती थंड हवेच्या गावची, आमचं ऊन 45 अंशांचं. मुलांनी स्वतः पाच वाट्या लावल्या, प्रत्येकीत मेण थोडंथोडं वाढवत नेलं, आणि 30 ग्रॅम तेलाला 10 ग्रॅम मेण हे आमच्या उन्हाला पुरतं, असा निकाल काढला. वहीत तो आकडा लिहिताना त्यांचे चेहरे पाहायला हवे होते. विज्ञानाच्या पुस्तकातला एकही प्रयोग त्यांनी इतक्या जिवाने केला नसेल.

पाय बुडवायच्या गोळ्यांनी हवामानाचा दुसरा धडा दिला. 200 ग्रॅम खाण्याचा सोडा, 100 ग्रॅम लिंबूसत्व, थोडं तेल, दाबून गोळ्या. बादलीत टाकली की फसफसते, कारण दोन्ही पदार्थ पाण्यात भेटले की कार्बन डायऑक्साइड सुटतो. मेमध्ये त्या दगडासारख्या वाळल्या. जुलैत पुन्हा केल्या तर हवेतल्या ओलीनेच रात्रीतून फुगल्या आणि फुटल्या.

मलम लावायच्या आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक दिवस थांबायचं, ही अट मी आयांनाही घातली. भेगेतून रक्त येत असेल किंवा बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या असतील तर मलम नाही, दवाखाना. एका मुलीने आईला खाटेवर बसवून तिचे पाय कोमट पाण्यात धुतले, पुसले आणि मलम चोळलं. ती आई मला बाजारात भेटली तेव्हा एवढंच म्हणाली, “माह्या पायाले आजवर कोनी हात नोता लावला.”

डब्या विकायची गोष्टही निघाली, आणि ते साहजिकच होतं. मी नाही म्हटलं. विकण्यासाठी सौंदर्यप्रसाधन बनवायचं तर परवाना लागतो. 2020 चे नियम तसं स्पष्ट सांगतात, आणि स्वयंपाकघरात केलेला माल त्यात बसत नाही. घरी वापरा, भेट द्या, पैसे घेऊ नका. दोन मुली रुसल्या. पण आपली वस्तू दुसऱ्याच्या कातडीवर जाते तेव्हा जबाबदारी कुणाची, हे सोळाव्या वर्षी कळलेलं बरं.

कुणाला आपल्या गावात असा वर्ग घ्यायचा असेल तर जरूर घ्या. साबण मात्र मुलांकडून कॉस्टिक सोड्याने करवू नका, त्याने हात आणि डोळे जातात. लिंबाचा रस चेहऱ्यापासून दूर ठेवा. आणि फुलं, अत्तरं, बाटल्या यांच्या आधी एक चांगला वजनकाटा घ्या.